सगळ्यांना बारा

आमच्या कॉलेजात सहकार सरांच्या हाताखालून जो गेला, त्याला बारा मार्क मिळाले. वीसपैकी बारा. पहिल्या बाकावर बसून मान डोलावणाऱ्याला बारा, शेवटच्या बाकावर घोरणाऱ्याला बारा, आणि वर्षातून एकदाच, तेही फॉर्मवर सही घ्यायला उगवणाऱ्यालाही बारा. एका वर्षी कॉलेज सोडून गेलेल्या मुलाचं नाव यादीतून खोडायचं राहून गेलं. तो चाकणला कंपनीत लागून सहा महिने झाले होते. त्यालाही बारा मिळाले, आणि बातमी कळल्यावर त्यानं सरांना फोन करून आभार मानले.

हे अंतर्गत मूल्यमापनाचे मार्क. लेखी परीक्षा विद्यापीठ घेणार, आणि हे वीस मार्क आम्ही मास्तरांनी प्रकल्प, चाचणी, तोंडी परीक्षा असलं काहीबाही घेऊन द्यायचे, अशी पद्धत. सर मार्कांचा तक्ता पुढ्यात ओढायचे, पहिल्या ओळीत बारा लिहायचे आणि तिथून तळापर्यंत एक उभी रेघ मारून टोकाला बाण काढायचे. मग पेनाला टोपण लावून म्हणायचे, "बारा. चला पुढं."

सहकार सर हे अर्थात त्यांचं नाव नव्हे. ते अर्थशास्त्राचे. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला सहकार नावाचा पेपर असतो, तो तीस वर्षं त्यांच्याकडे होता. आडनाव विचारलेलं त्यांना खपत नसे, आणि दुसऱ्याचं आडनाव ते स्वतःच्या तोंडातून काढत नसत. आम्हा प्राध्यापकांना ते विषयानं हाक मारायचे. मी तासिका तत्त्वावर नवा नवा रुजू झालो तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "विषय?" मी म्हणालो, मराठी. "मग बस की, मराठी. उभा कावून?" त्या दिवसापासून मी मराठी. आमचे प्राचार्य मूळचे वनस्पतिशास्त्राचे. त्यामुळे "वनस्पतीनं बोलावलंय का?" असं सर शिपायाला भर व्हरांड्यात विचारायचे, आणि शिपाईही गंभीरपणे हो म्हणायचा. विद्यार्थ्यांना नुसता रोल नंबर. असा हा माणूस सहकार शिकवत होता, याची गंमत आम्हाला फार वाटायची.

आमचं कॉलेज दिंद्रुडच्या अलीकडं, रस्त्याला लागून. समोर दूध संघाचं संकलन केंद्र. ते त्या वर्षी बंद पडलं, कारण दूधच राहिलं नव्हतं. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेलेला, कॉलेजच्या टाकीत टँकर आला तर पाणी, आणि साखर कारखान्याची चिमणी अशी गप की लहान पोरांना ती कशासाठी बांधली ते सांगावं लागे. सर मात्र खिडकीतून त्या केंद्राच्या कुलपाकडे हात करून सहकाराची तत्त्वं शिकवायचे. मुलं कुलपाकडे बघायची आणि वहीत तत्त्वं लिहून घ्यायची.

त्याच सुमाराला मी विद्यापीठातून एक कार्यशाळा करून आलो. तीन दिवस मला सांगण्यात आलं होतं की तीन तासांच्या लेखी पेपरानं माणूस मोजता येत नाही, त्याला प्रकल्प द्या, बोलतं करा, गटात कामाला लावा. मी भारावून गेलो होतो. परत आल्यावर स्टाफरूममध्ये मी हे सगळं सांगितलं. हिंदीच्या सरांनी सांगितलं की ते प्रकल्प देतातच. फाइल तळहातावर तोलली की त्यांना मार्क कळतात. इतिहासाचे सर म्हणाले, त्यांचे प्रकल्प त्यांची बायको तपासते, कारण तिचा हात सढळ आहे. भूगोलाच्या मॅडमना नव्या पद्धतीबद्दल काही म्हणायचं नव्हतं, फक्त ती आपल्या वर्गाला लागू होऊ नये एवढीच इच्छा होती. आणि मी स्वतः? मी त्या सत्रात रंगीत कव्हर, कोपऱ्यात कमळ काढलेलं आणि अक्षर वळणदार, अशा फाइलींना भराभर अठरा देऊन टाकले होते. आतलं वाचायला वेळ होता कुठं.

सहकार सर कोपऱ्यात बसून ऐकत होते. म्हणाले, "मराठी, तू कव्हर बघून मार्क देतो. हिंदी वजन बघून देतो. मी बघतच न्हाई. फरक एवढाच, माझ्याकडं कुनाचा बाप येत न्हाई."

हे मात्र खरं होतं. संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या सरांच्या वर्गात होता. हेच अध्यक्ष दूध संघाचेही. पुतण्याचे जरा वाढवा, असा निरोप आला तेव्हा सर म्हणाले, "वाढवतो की. पण मग सगळ्यांचेच वाढवावे लागतील. अध्यक्षांना इचारून या, गावातली सगळीच पोरं पुढं गेलेली चालतील का." निरोप्या गेला तो परत आला नाही.

पण विद्यापीठ हे गावातल्या निरोप्यासारखं परत जात नाही. हिवाळ्यात पत्र आलं. सहकार या विषयात सर्व विद्यार्थ्यांना समान गुण कसे, याचा खुलासा करावा. यापुढे प्रत्येकाची तोंडी परीक्षा घेऊन गुणांपुढे कारण लिहावं. तक्ता शनिवारपर्यंत पोचावा. प्राचार्यांनी सरांना बोलावलं आणि पत्र पुढं केलं. मी साक्षीदार म्हणून उभा होतो.

"लेखी घ्या," सर म्हणाले. "शंभराची घ्या, दोनशेची घ्या. तोंडी मी घेत न्हाई."

"अहो, पण का?"

"उत्तरपत्रिकेवर आकडा असतो. तोंडीला समोर तोंड येतं."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नुकताच कार्यशाळेतून आलेलो, तेव्हा समजावण्याचं काम माझ्याकडे आलं. दुपारी स्टाफरूम रिकामी झाल्यावर मी सरांसमोर बसलो आणि तोंडी परीक्षेचे फायदे सांगायला लागलो. त्यांनी चौथ्या फायद्यापर्यंत ऐकून घेतलं.

"माझी बी झालती तोंडी," ते म्हणाले. "बाहेरचे परीक्षक आलते. पांढरं धोतर, बोलनं लई गोड. तीन प्रश्न इचारले. पहिला, आडनाव काय. सांगितलं. दुसरा, गाव कोनतं. सांगितलं. तिसरा, गावात घर कुठल्या अंगाला. ते बी सांगितलं. म्हनले, या आता."

"आणि विषयावरचं?"

"त्याच्यासाठी महिनाभर घोकलं होतं, मराठी. इचारलंच न्हाई."

सरांचं घर बौद्ध. गावाच्या खालच्या अंगाला वस्ती, आणि वडिलांनी खाणीत दगड फोडून शिकवलेलं. त्या वर्षी लेखी पेपरात सर कॉलेजात पहिले आले होते. तोंडीत वीसपैकी चार. "ज्याला म्हाईत नव्हतं मी कोन, त्यानं पहिला नंबर दिला. ज्याला कळलं त्यानं चार दिले. आता सांग तुझा पाचवा फायदा."

माझ्याकडे पाचवा फायदा होता, पण मला तो सांगायची लाज वाटली. मी ज्या बारा मार्कांना हसत होतो त्यांच्या मागं एवढं काही असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी उठून दोघांना चहा सांगितला.

शेवटी सरांनी तोड काढली. तोंडी घेईन, पण पडद्याआडून. विद्यार्थ्यानं आसन क्रमांक सांगायचा, नाव उच्चारायचं नाही. पडदा शोधायला शिपाई गेला आणि अध्यक्षांच्या वाढदिवसाचं फ्लेक्स घेऊन आला. कॉलेजात त्याहून मोठं कापड नव्हतं. ते दोन खुर्च्यांच्या मध्ये बांधताना त्यानं अध्यक्षांचा चेहरा बाहेरच्या बाजूला ठेवला, कारण साहेबांचं तोंड मास्तरकडं आणि पाठ पोरांकडं करणं त्याला बरं दिसेना. त्यामुळे झालं असं की एकेक विद्यार्थी आत यायचा आणि हात जोडून हसणाऱ्या अध्यक्षांसमोर उभा राहायचा. दोघांनी उलट नमस्कारही केला. प्रश्न अध्यक्षांच्या पोटातून यायचे.

"आसन क्रमांक?"

"सर, मी शिवाजी. काल तुमच्या सायकलची चेन बसवून दिली न्हाई का?"

"नाव सांगू नको बे! नंबर सांग!"

"सात, सर. शिवाजी."

सर आतून कपाळ बडवत असणार. त्यांना तसंही प्रत्येकाचा आवाज, खोकला आणि चपलेचा फटका ओळखू येत होता. शिवाय सगळ्यांचा प्रकल्प एकच. विषय दिला होता, आपल्या परिसरातील एक सहकारी संस्था. पहिल्यानं दूध संघाचा जुना अहवाल उतरवून काढला, बाकीच्यांनी त्याचा. त्यामुळे प्रत्येक प्रकल्पाची सुरुवात 'सभासद बंधू-भगिनींनो' अशी होती, आणि शेवटी अध्यक्षांनी सर्वांचे आभार मानून सभा संपल्याचं जाहीर केलं होतं. आपल्या फोटोसमोर परीक्षा चालू असल्याचं अध्यक्षांच्या कानावर गेलं. त्यांनी खूश होऊन मुलांना केळी पाठवली.

मंगळवारी संध्याकाळी तक्ता बघितला तर मार्क अकरा ते तेरा असे हलले होते. प्राचार्य म्हणाले, सुरुवात म्हणून ठीक आहे. फक्त एक जागा रिकामी होती. रोल नंबर एकतीस.

एकतीस नंबरची मुलगी मला माहीत होती. माझ्याही वर्गात होती. वडील कामासाठी पुण्याकडे गेलेले, आणि ती आईबरोबर दोन म्हशी घेऊन दिवाळीपासून चारा छावणीत राहत होती. छावणी सात किलोमीटरवर. तिथे जनावरांची हजेरी व्हायची. हजेरीला धनी दिसला नाही तर त्या जनावराचा चारा बंद. आईला कंबरेनं बसवलं होतं, म्हणून हजेरीला मुलगीच लागायची. आमच्या कॉलेजात माणसांची हजेरी एवढी कडक कधी झाली नव्हती.

"गैरहजर लिहा," प्राचार्य म्हणाले. "नियम तोच आहे."

गैरहजर लिहिलं की पेपर गेला, पेपर गेला की वर्ष गेलं. आणि वडिलांनी पुण्याहून आधीच कळवलं होतं की हे शेवटचं वर्ष, यापुढं कॉलेज नाही. पास होवो नाहीतर नापास. हे मी सरांना सांगितलं. त्यांनी तक्त्यावर पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. मग तक्ता घडी करून खिशात घातला. शुक्रवारी दुपारी माझा तास संपायच्या आत ते दारात येऊन उभे राहिले. "मराठी, गाडीत पेट्रोल हाय का?"

छावणीत हिरव्या जाळीच्या सावलीखाली जनावरांच्या लांबच लांब रांगा होत्या. शेणाचा आणि ओल्या उसाच्या वाढ्यांचा वास. एकतीस नंबर आम्हाला बघून गडबडली, हातातलं घमेलं खाली ठेवून ओढणीला हात पुसले. तिच्या आईनं बसायला बादली पालथी घालून दिली. सर त्या बादलीवर बसले, आणि बसल्या बसल्या मुलीकडे पाठ केली. इथं फ्लेक्स नव्हतं, म्हणून त्यांनी तोंडच फिरवलं. त्यांच्यापुढं आता म्हैस होती.

"प्रकल्प कशावर?" सरांनी विचारलं.

म्हैस रवंथ करत राहिली. मुलगी गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. तेवढ्यात आई म्हणाली, "अवो सर, म्हशीला कावून इचारायलेत? पोरगी हिकडं हाय."

आजूबाजूच्या बाया हसल्या. सरांच्या मानेपर्यंत लाली चढलेली मी पाहिली. ते बसल्या जागी वळले, पण नजर जमिनीवर. मुलीनं म्हशीच्या दावणीजवळच्या पिशवीतून एक वही काढली.

"छावणीतल्या वारावर हाय, सर."

"वार म्हंजे?"

"पाळी, सर. आमी बारा घरं हावोत या रांगंत. एकेका घराला एकेक दिवस लावलाय. ज्याचा वार त्यानं सगळ्यांची जनावरं बघायची, पानी दाखवायचं. बाकीच्यांनी घरला जायाचं, रोजगाराला जायाचं. हजेरीला तेवढं ज्याचं त्यालाच थांबावं लागायचं, तर छावणीवाल्या सायबांना बी पटवलं, रांगंची हजेरी एकच मानूस देईल म्हणून. ते कालच हो म्हनले. म्हणून तर मंगळवारी परीक्षेला येता आलं न्हाई."

"नोंदणी झालीय?"

"न्हाई, सर."

"अध्यक्ष कोन?"

"अध्यक्ष न्हाई."

"मग चालतंय कसं?"

"अध्यक्ष न्हाई म्हणून भांडन न्हाई, सर."

सरांनी पहिल्यांदा मान वर केली. "अन् एखादीनं वार चुकवला तर?"

"कलाबाईनं दोनदा चुकवला. सगळ्या म्हनल्या काढून टाका. मग इचारलं तर त्यांचा गुडघा गेलता. आता त्यांना बसून करायचं काम दिलंय. नंबर लावायचं, पान्याच्या हौदावर."

"दे वही. बघतो."

मुलीनं वही दिली नाही. दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. "खरंच बघनार का, सर?"

"म्हंजे काय?"

"मागल्या सत्राला मी चार गावं फिरून लिवलं होतं. सिरसाळ्यापर्यंत गेलते. बंद पडलेल्या सोसायट्यांवर. फायलीला दोरा बांधून दिली. ती परत आली तवा मी मारलेली गाठ जशीच्या तशी होती." तिनं वही छातीशी धरली. "बारा मार्क पडले. ज्यानं काहीच न्हाई केलं त्याला बी बारा. कमी द्या, सर, चार द्या. पण बघून द्या."

चार हा आकडा तिनं सहज उच्चारला होता. तिला काय ठाऊक. मी सरांकडे बघायचं टाळलं. त्यांनी हात पुढं केला, आणि या वेळी तिनं वही दिली.

सरांनी ती वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. तास सव्वातास लागला असेल. मध्ये चहा आला, तो निवला. एका पानावर ते थांबले आणि कलाबाईंना बोलावून काहीतरी विचारून आले. मी तेवढ्यात शेजारच्या रेड्याशी मैत्री केली. मला माझे ते रंगीत कव्हरांचे अठरा आठवत होते आणि बरं वाटत नव्हतं.

सरांनी खिशातला तक्ता काढून गुडघ्यावर पसरला. "सतरा," ते म्हणाले. "तीन कापले. कावून ते ऐक. वारातून बाहेर पडलेलं एक घर हाय, त्यांना तू काही इचारलंच न्हाई. नुसतं आत असलेल्यांचं लिहिलं. एक गेला. शेवटी निष्कर्ष म्हणून माझ्याच नोटा उतरवल्यास, ते तुझं न्हाई. दुसरा गेला." मग ते अडखळले. वही उलटसुलट केली. "तिसरा उगंच कापला. सवयीनं. अठरा." आणि त्यांनी अठरा लिहून पुढं कारणाच्या रकान्यात बारीक अक्षरात एवढं लिहिलं की ते खालच्या बत्तीस नंबरच्या ओळीत उतरलं.

मुलीनं ओढणी तोंडाशी धरली होती. हसत होती की रडत होती कळायला मार्ग नव्हता. मला वाटलं, झालं, निघू. पण सर बादलीवरून उठेनात.

"आता तू सांग," ते म्हणाले. "मी कसा शिकवतो?"

"सर?"

"तुला बघितलं न्हाई असं म्हणली. बरोबर हाय. आता मला बी कुनी बघितलं न्हाई तीस वर्षांत. सांग. भिऊ नको, तक्त्यावर लिहून झालंय."

तिनं घमेलं उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "शिकवता लई चांगलं. कळतं. पण सर, तुमी फळ्याकडं न्हाईतर खिडकीकडं बघून शिकवता. आमाला वाटतं, सरांना आपलं तोंड बघू वाटत न्हाई."

मी चपापलो. माझा वर्ग त्यांच्या शेजारी. येता-जाता मी हे शंभरदा पाहिलं होतं, स्टाफरूममध्ये त्यांची नक्कलही केली होती. त्यामागे मुलांना असं काही वाटत असेल, हे मला कधी सुचलं नाही.

"तसं न्हाई गं," सर म्हणाले. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. "भ्या वाटतं. तोंडाकडं बघितलं की एखादं पोरगं आवडाया लागतं. अन् एक आवडलं की दुसऱ्यावर अन्याव होतो. म्हणून बघत न्हाई."

"मग सगळीच आवडू द्या की, सर," ती म्हणाली. यात एवढं अवघड काय आहे, अशा सुरात. आणि पलीकडून कुणीतरी पाण्याचा नंबर आला म्हणून हाक मारली तशी म्हशींची दावी सोडून हौदाकडे निघाली.

सर ती दिसेनाशी होईपर्यंत तिकडं बघत होते. गाडीवर माझ्या मागं बसल्यावर त्यांनी नेहमीसारखा माझ्या खांद्याला हात लावला नाही, मागची कडी धरून बसले. तीन-चार किलोमीटर गेल्यावर माझ्या कानाशी आवाज आला.

"मराठी, नाव काय त्या पोरीचं?"

मी मान वळवली.

"नुसतं नाव सांग," ते घाईनं म्हणाले. "आडनाव नको."

"सुनंदा."

"सुनंदा," सर म्हणाले. मग थोड्या वेळानं, खड्डा चुकवून मी गाडी सरळ केली तेव्हा, "अन् बत्तीस नंबर?"

मला बत्तीस नंबरचं नाव माहीत होतं. ते सांगितलं. मग तेहतीसचं. कॉलेजचं फाटक येईपर्यंत मी एकेक नाव सांगत होतो, आणि माझ्या पाठीमागे सर ते हळू आवाजात म्हणून बघत होते.